दाणे आणि वर्गणी

1983 मध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी खेड्यांतून आलेल्या रुग्णांच्या तळहातांवरच्या डागांचा आणि गाठींचा संबंध पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकशी जोडला. हे पाणी कूपनलिकांचे होते. त्या खणल्या हीच चूक, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तळ्यांच्या दूषित पाण्याने होणाऱ्या अतिसारापासून त्यांनीच लोकांना वाचवले. 1997 पासून शिबपूरचे बंगाल इंजिनिअरिंग कॉलेज आणि अमेरिकेतले लीहाय विद्यापीठ यांनी कूपनलिकांच्या हातपंपालाच जोडलेली, आर्सेनिक काढणारी संयंत्रे बसवली. स्टीलच्या उभ्या टाकीत पाणी वरून शिंपडले जाई, हवेने त्यातले लोह तांबूस गंज होऊन बसे आणि थोडे आर्सेनिक सोबत घेई; उरलेले खालचे सक्रिय ॲल्युमिनाचे पांढरे दाणे धरून ठेवत. पुढे लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण भरलेले रेझिनही आले. आर्सेनिकने भरलेले दाणे कॉस्टिक सोड्याने धुऊन पुन्हा वापरता येतात.

मग धुतलेले आर्सेनिक जाते कुठे? हा आक्षेप रास्तच आहे, कारण विष नाहीसे होत नाही, गाळात उतरते. तो गाळ तिथे जाड वाळूच्या, हवा खेळत्या टाकीत साठवला जाई. उलट्या प्रवाहाने टाकी धुणे, दर महिन्याची वर्गणी, दाणे वेळेवर बदलणे हे सारे गावातल्या समित्यांनी सांभाळले. पश्चिम बंगालमध्येच इतर अनेक संयंत्रे देखभालीअभावी निकामी झाली. म्हणून आर्सेनिक धरून ठेवणारे नवे अधिशोषक मंजूर करणाऱ्यांनी वर्गणी कोण गोळा करणार आणि गाळ कुठे ठेवणार, हे आधी विचारावे.