डबीतल्या रुपयाची तारीख

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका व्यापारी घरात पंचम जॉर्जचा १९११चा चांदीचा रुपया आहे. पारदर्शक प्लास्टिकच्या चपट्या डबीत कायमचा बंद, आणि वर अमेरिकेतल्या एनजीसी या प्रतवारी करणाऱ्या संस्थेची चिठ्ठी. घरची कथा अशी: आजोबांनी फाळणीत शिकारपूरहून आणलेली रुपयांची थैली २६ जुलै २००५च्या पुरात गेली. वाचला तो हा एकच, कारण त्या वेळी तो प्रतवारीसाठी परदेशी गेला होता. घरातल्याच दुसऱ्या शाखेचे म्हणणे मात्र वेगळे. हा रुपया पुरानंतर बाजारातून घेतलेला, आजोबांचा नव्हेच. ज्या मामांनी तो पाठवला ते आता हयात नाहीत, पावतीही उरलेली नाही. निर्वासितांनी बरोबर आणलेल्या वस्तूंच्या नोंदी मी करतो, म्हणून डबी माझ्यापुढे आली. ती बंद झाली कधी, एवढे ठरवायचे होते.

रुपया साधा नाही. त्यावरच्या राजाच्या झग्यावर साखळीत एक हत्ती कोरला आहे. त्याची सोंड इतकी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान समाजात संताप उसळला, नाणे मागे घेतले गेले आणि १९१२च्या रुपयावर हत्तीची सोंड नीट काढली गेली. पाडलेल्या सुमारे ९४ लाख नाण्यांपैकी ७ लाखांच्या आसपासच लोकांच्या हाती पोहोचली, बाकीची वितळवली गेली. शिकारपूर तर सावकारी हुंड्यांचे गाव. तिथल्या थैलीत असा रुपया असणे नवलाचे नाही, पण म्हणून तो होताच असेही ठरत नाही.

कॅम्प पाचहून जवळच वालधुनीकाठी अंबरनाथचे शिवालय आहे. त्यातला शिलालेख शके ९८२ हे वर्ष स्वतःच सांगून मोकळा होतो. नऊशेहून अधिक वर्षांच्या दगडाला जे जमले ते या प्लास्टिकला जमत नाही. चिठ्ठीवर नाण्याचे साल, प्रत आणि क्रमांक असतो, प्रतवारीचा दिवस नसतो. क्रमांकातले शेवटचे तीन आकडे फक्त त्या खेपेतले नाण्याचे स्थान दाखवतात. आधीचे आकडे काळाबरोबर वाढत जातात खरे, पण क्रमाने वापरले जातातच असे नाही. डबीच्या घडणीवरूनही अंदाज बांधता येतो, तरी जुन्या डबीतले नाणे नव्या डबीत घालून मिळते. त्यामुळे डबी नवी म्हणून प्रतवारी नवी, हा तर्क लंगडाच.

मला उपयोगी पडला तो चिठ्ठीवरचा एक शब्द. तिथे प्रतीपुढे आकडाच नव्हता. नाणेसंग्राहक विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकी सेंटांसाठी १ ते ७० ही मोजपट्टी मांडली, तीच आज जगभर चालते. (त्याच वर्षी, ८ ऑगस्टला, राजगोपालाचारींच्या हस्ते लष्कराच्या जुन्या छावणीचे उल्हासनगर झाले. योगायोग, दुसरे काही नाही.) या चिठ्ठीवर आकड्याऐवजी ‘डिटेल्स’ असे लिहून पुढे कारण दिले होते: काठ दुखावलेला. एनजीसी १९८७पासून काम करते, पण सुरुवातीला असे दोषी नाणे आपल्या डबीत घालतच नसे. ते तसेच परत येई. पुढे तिच्या एनसीएस या भगिनी संस्थेने अशी नाणी स्वतःच्या डबीत घालायला सुरुवात केली. एनजीसीच्या नावाच्या डबीत ‘डिटेल्स’ दिसू लागले ते २००८च्या सुमारास.

म्हणजे पुराच्या दिवशी हा रुपया या डबीत नव्हता. थोरल्या शाखेची कथा इथे कोसळते. धाकट्या शाखेला आनंद झाला, पण तो घाईचा होता. डबीची तारीख मालकीची तारीख नव्हे.

मी दिवाळीचे जुने फोटो मागितले. सिंधी घरांत लक्ष्मीपूजनाला हटडी मांडतात आणि चांदीचे नाणे कच्च्या दुधात ठेवतात. एका फोटोच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेले वर्ष १९९३ होते. वाटीत अजून दूध ओतलेले नव्हते, नाणे राजाची बाजू वर करून पडलेले. भिंगाखाली काठावर, मुकुटाच्या किंचित उजवीकडे, त्रिकोणी खाच दिसली. डबीतल्या नाण्यालाही त्याच जागी, त्याच आकाराची खाच आहे, आणि तिच्यामुळेच तर ‘डिटेल्स’ लिहिले गेले. बाजारातून घेतलेले नाणे अशी खाच घेऊन येणार नाही.

मग ते पुरातून वाचले कसे? थोरल्या काकूंना विचारले. त्या म्हणाल्या, “थैलीत कशाला असेल? पूजेचा रुपया वरच्या फळीवर, देवाजवळ असायचा. पाणी तिथवर आलंच नाही.” हे इतकी वर्षे कुणी विचारलेच नव्हते.

रुपया निदान १९९३पासून घरात आहे, आणि प्रतवारी पुरानंतर काही वर्षांनी झाली. १९४७ ते १९९३ या मधल्या शेहेचाळीस वर्षांसाठी माझ्याकडे फोटो नाही. काकूंकडे अजून एक पेटी उघडायची राहिली आहे.