भुलावणीची मृगया

भुलावणीची मृगया : हरीण, सांबर, चितळ, भेकर इत्यादी तृणभक्षक वन्य जनावरांचा पाठलाग न करता आवाज, गंध, खाद्य, प्रकाश किंवा माणसाळविलेले सजातीय जनावर यांच्या योगाने त्यांना आपण होऊन शिकाऱ्याच्या टप्प्यात आणण्याची रीत. हाका घालून रान उठविण्याच्या रीतीहून ही रीत मूलतः निराळी होय. कारण हाक्यात जनावराच्या भयाचा उपयोग करून घेतलेला असतो, तर भुलावणीत त्याच्या वात्सल्याचा, ईर्ष्येचा, कुतूहलाचा, भुकेचा किंवा सवयीने अंगी बाणलेल्या विश्वासाचा. युरोप व उत्तर अमेरिका येथे ती परवान्याने चालणाऱ्या शिकारीचे एक मान्य अंग आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ती दंडनीय आहे. तथापि दख्खनच्या, आणि विशेषतः कोल्हापूर संस्थानच्या, मृगयेच्या इतिहासात तिला जे स्थान होते ते लक्षात घेतल्याखेरीज या मुलखातील माणूस आणि हरीण यांच्या संबंधाचे आकलन पुरे होत नाही.

भुलावणीचा आधार हरणाच्या शरीररचनेत व स्वभावात आहे. त्याचे दोन्ही कान एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरतात, आणि कळप चरत असताना एखाददुसरे जनावर मान वर करून उभे असतेच; त्यामुळे अनोळखी आवाज त्याच्या लक्षात येत नाही असे सहसा घडत नाही. आवाज ऐकून जनावर उधळेल, की खिळून उभे राहील, की आवाजाच्या रोखाने चालू लागेल, हे मात्र त्या आवाजाने त्याच्या ठायी कोणती वृत्ती जागी केली यावर अवलंबून असते. पाडस गवतात दडवून मादी चरायला जाते. संकटात सापडलेल्या पाडसाच्या ओरडण्याने ती स्वतःच्या जिवाची पर्वा न करता धावून येते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की, हरणांच्या माद्या केवळ स्वजातीच्या पाडसाच्याच नव्हे, तर स्वर योग्य पट्टीत असल्यास मांजराच्या पिलाच्या, सीलच्या पिलाच्या, किंबहुना मनुष्याच्या तान्ह्या मुलाच्या रडण्याकडेही धावत येतात. नराची गोष्ट वेगळी. माजाच्या काळात प्रतिस्पर्ध्याचा आवाज, शिंगाला शिंग भिडल्याचा खणखणाट अथवा मादीची साद ऐकून तो एरवीची सावधगिरी विसरतो. काळवीट नर तर उघड्या माळावर आपली जागा धरून बसतो, लेंड्यांच्या ढिगांनी व डोळ्यांजवळील ग्रंथींच्या गंधाने तिची हद्द राखतो, आणि त्या हद्दीत दुसरा नर शिरला की त्याच्याशी झुंज घेतल्यावाचून राहत नाही.

भारतीय वाङ्मयात हरणाच्या या श्रवणलोलुपतेचा दाखला इतक्या वेळा आला आहे की ती एक सर्वमान्य उपमाच होऊन बसली. पाच इंद्रियांपैकी एकेकापायी नाश पावणाऱ्या पाच जीवांत हत्ती, पतंग, भुंगा व मासा यांच्या जोडीला शब्दापायी मरणारे हरीण गणले जाते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला जे चोवीस गुरू सांगितले त्यांतही व्याधाच्या गीताला भुललेले हरीण आहे, आणि त्या स्कंधावर एकनाथांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केलेल्या टीकेमुळे हा दृष्टान्त महाराष्ट्रात घरोघर पोहोचला. पाली जातककथांत वातमृगाची कथा आहे : राजाचा माळी गवताला मध लावून ठेवतो, भित्रा म्हणून प्रसिद्ध असलेला तो मृग रोज थोडा अधिक जवळ येतो, आणि अखेर मधाच्या त्या वाटेने थेट राजवाड्यात शिरून कोंडला जातो. खाद्याच्या आमिषाचे इतके चोख वर्णन आधुनिक शिकारग्रंथांतही विरळा आढळते. हरणाला संगीताची गोडी असते हे कवींचे म्हणणे मात्र अक्षरशः घेण्याचे कारण नाही. अनोळखी परंतु संथ, एका लयीत चालू राहणाऱ्या नादाने जनावर पळण्याऐवजी कान टवकारून उभे राहते, कधी दोन पावले पुढेही येते. व्याधाला तेवढेच पुरे असते, आणि कवीला त्यात रसिकता दिसली असावी.

शास्त्रीय पद्धतीने या विषयाची मांडणी करणारा दख्खनचा जुना ग्रंथ म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा बाराव्या शतकातील मानसोल्लास. त्यातील मृगयाविनोदात हरणे मारण्याच्या अनेक प्रकारांबरोबर शिकवून तयार केलेल्या हरणाच्या साह्याने रानटी हरीण वश करण्याचा प्रकारही आहे. हाच प्रकार चार शतकांनंतर अबुल फजलने आईन-इ-अकबरीत अधिक तपशिलाने नोंदविला आहे. माणसाळविलेल्या नराच्या शिंगांना जाळे बांधून त्याला रानटी नरासमोर सोडीत; झुंज लागली की रानटी जनावराचे शिंग, पाय किंवा कान त्या जाळ्यात गुंतत, आणि दबा धरून बसलेले शिकारी धावत येऊन त्याला जिवंत धरीत. त्याच ग्रंथात घंटाहेरा नावाची रात्रीची रीतही आहे : ढालीच्या किंवा टोपलीच्या पोकळ बाजूत दिवा ठेवून शिकारी तिच्या आड लपे व लहान घंटा वाजवी, प्रकाशाने व नादाने ओढली गेलेली हरणे जवळ आली की दूर दडलेले तिरंदाज त्यांना टिपीत. अकबराला ही रीत, तसेच गाऊन हरणे जवळ आणून मारण्याची रीत, पसंत नव्हती असे अबुल फजल स्पष्ट लिहितो. ज्या बादशहाच्या पदरी शेकडो चित्ते होते आणि ज्याने शिकारीत आयुष्याचा मोठा भाग घालविला, त्यालाही भुलावणीच्या काही प्रकारांत मर्यादेचा भंग दिसला, ही नोंद महत्त्वाची आहे. कारण पुढे जगभर जे शिकारीचे नियम झाले त्यांचा बराचसा रोख दिवा, आमिष व रात्र या तिहींवरच आहे.

कोल्हापूरचा मुलूख या दृष्टीने एका सांध्यावर आहे. करवीर तालुक्यातील उचगाव हे शहराच्या पूर्वेस लागून असलेले गाव घेतले, तर त्याच्या पश्चिमेस राधानगरी-दाजीपूरचे सह्याद्रीचे दाट रान आणि पूर्वेस दख्खनच्या पठाराकडे उतरत जाणारी सपाटी, अशी दोन निरनिराळी शिकारक्षेत्रे त्याच्या दोन अंगांना पसरलेली दिसतात. पश्चिमेच्या रानात सांबर, भेकर, पिसोरी ही झाडीची जनावरे. तेथे नजर चालत नाही, म्हणून शिकाऱ्याची भिस्त पाणवठा, जनावरे जेथे खारट माती चाटायला येतात ती जागा, आणि झाडाखाली पडणारी फळे-फुले यांवर. पूर्वेच्या उघड्या माळावर काळवीट. तेथे आडोसाच नसल्याने जनावर दुरूनच माणसाला हेरते, आणि म्हणून तेथील भुलावण कानाची नसून डोळ्यांची असावी लागते.

या डोळ्यांच्या भुलावणीचा कोल्हापुरी नमुना म्हणजे चित्त्याची शिकार. शाहू छत्रपती (१८७४–१९२२) यांना व त्यांच्यानंतर राजाराम छत्रपतींना या शिकारीचा मोठा शौक होता, आणि दरबारी चित्ते, चित्तेवान, गाड्या व बैल असा सारा सरंजाम खास त्यासाठी बाळगलेला असे. तिचे वर्म चित्त्याच्या वेगात जितके होते तितकेच बैलगाडीत होते. शेतकऱ्याची गाडी माळावरून रोज जाते-येते, तिच्यापासून अपाय होत नाही, हे काळविटाच्या कळपाच्या पुरते अंगवळणी पडलेले असे. नेमका हाच विश्वास शिकारी वापरून घेई. सपाट तक्तपोशीच्या गाडीवर चित्ता बसविलेला, डोळ्यांवर चामड्याची टोपी, कमरेला पट्टा, शेजारी त्याच्या पाठीवरून हात फिरवीत बसलेला चित्तेवान. गाडी सरळ कळपावर न नेता, जणू आपल्याच कामाला चालली आहे अशा बेताने वळसे घेत घेत जवळ आणीत. अंतर शे-दोनशे यार्डांवर आले की टोपी काढीत. क्षणभर चित्ता स्तब्ध बसे, कळपातला एक नर नजरेत धरी, मग हळूच उतरून अंग जमिनीसरसे ठेवीत पुढे सरके, आणि एकाएकी सुटे. शिकार पडली की चित्तेवान धावत येऊन काळविटाचा गळा कापी, लाकडी पळीत रक्त धरून ते चित्त्यापुढे करी, आणि तो ते पिण्यात गुंतला असताना टोपी पुन्हा डोळ्यांवर चढवी. म्हणजे ज्याच्याकरवी हरीण मारायचे त्यालाही शेवटी भुलावूनच ताब्यात घ्यावे लागे. किंबहुना रानटी चित्ता धरण्याची रीतही याच जातीची होती : चित्ते ज्या ठराविक झाडाशी येऊन नखे घासतात व आपला गंध ठेवून जातात, त्या झाडाभोवती फासे मांडून त्यांना पकडीत. भारतातील चित्ता दुर्मिळ होत गेला तसे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर, भावनगर इत्यादी संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणविले. १९४७ मध्ये कोरिया संस्थानात मारलेले तीन नर हे भारतीय चित्त्याचे शेवटचे निःसंदिग्ध उल्लेखिलेले नमुने मानतात, आणि १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर या खेळाचा दरबारी आश्रयही संपला.

दरबारी शिकारीच्या झगमगाटामागे फासेपारध्यांची विद्या होती, आणि भुलावणीचे खरे पंडित तेच होत. नरम दोरीचे फास एका लांब दोरीला ओळीने बांधून, ती खुंट्यांनी हरणांच्या नेहमीच्या वाटेवर ताणून ठेवायची, आणि मग कळपाला धास्ती न वाटू देता त्या बाजूला हळूहळू सरकवीत न्यायचे, ही त्यांची प्रसिद्ध रीत. शिकविलेल्या बैलाच्या आडोशाने, त्याच्या चरण्याच्या गतीनेच चालत, कळपाच्या अगदी जवळ जाण्याची रीतही त्यांचीच. पिंजऱ्यातील पाळीव तित्तराच्या ओरडण्याने रानतित्तर बोलावणे, मोराचा, लाव्याचा, हरणाचा आवाज तोंडाने हुबेहूब काढणे, हे त्यांच्या मुलांना लहानपणीच येई. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांच्या लेखनात रानाच्या अशा जाणकारांविषयीचा आदर जागोजाग दिसतो. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला त्यांत पुढे पारधीही आले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी त्याचा डाग समाजाच्या मनातून अद्याप पुरता पुसलेला नाही, ही दुःखाची गोष्ट आहे. शाहू महाराजांनी पारधी कुटुंबांना आश्रय देऊन पहाऱ्याच्या व दरबारच्या कामावर नेमले. रान वाचण्याची जी पात्रता इतरांना संशयास्पद वाटत होती तीच त्यांना नेमणुकीला योग्य वाटली, यात त्यांची माणसाची पारख दिसते.

परदेशांत हीच कला साधनांच्या रूपाने बाजारात आली आहे. जर्मनीत रो हरणाच्या माजाच्या दिवसांत, जुलैअखेर व ऑगस्टमध्ये, बीच झाडाचे पान ओठांशी ताणून फुंकतात आणि मादीचा बारीक स्वर काढून नराला बोलावतात. लाल हरणासाठी बैलाचे शिंग किंवा मोठा शंख वापरून त्याच्या डरकाळीला उत्तर देतात. जपानात हरणाच्या शिट्टीची परंपरा जुनी आहे, आणि उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी भूर्जाच्या सालीच्या कर्ण्याने मूस बोलावीत. आज अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी नराचा घुरघुराट काढणारी नळी, मादीचा आवाज काढणारी डबी, एकमेकांवर आपटण्याची शिंगे व मादीच्या मूत्राचे अर्क सर्रास विकले जातात. हरणांमध्ये पसरणाऱ्या मेंदूच्या असाध्य रोगाचे बीज अशा अर्कांतून जाण्याचा धोका असल्याने तेथील काही राज्यांनी नैसर्गिक मूत्रार्कांना बंदी केली आहे.

नवशिक्याला तेथे जे शिकवितात त्याचा बहुतेक भाग आवाज कसा काढावा याचा नसून तो केव्हा काढू नये याचा आहे. वारा आपल्याकडून जनावराकडे वाहत असेल तर उत्तमातील उत्तम साद व्यर्थ जाते, कारण हरीण कानावर विश्वास ठेवण्यापूर्वी नाकाचा कौल घेते. साद ऐकून येणारा अनुभवी नर म्हणूनच पुष्कळदा वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाने येतो, आणि शिकाऱ्याने ती बाजू आधीच हेरून बसावे लागते. जनावर आपल्याकडे येत असताना पुन्हा आवाज करू नये. ते थबकले वा पाठ फिरवून जाऊ लागले तरच एकदा, हलकेच. माजाचा हंगाम नसता झुंजीचा खणखणाट केल्यास तरणे नर उलट दूर जातात. एकाच जागी वारंवार साद घातल्यास तेथील जनावरे ती ओळखतात, आणि मग पुढे बराच काळ त्या जागेचा उपयोग होत नाही. नवशिक्याचा नेहमीचा दोष अधीरता हा होय : साद घालून थोडा वेळ होताच तो हलतो, आणि निःशब्द येऊन झाडीच्या कडेला उभे असलेले जनावर त्या हालचालीनेच निघून जाते. पाडसाच्या आक्रोशाची नक्कल करून मादीला बोलावणे मात्र, जेथे कायद्याला मान्य असेल तेथेही, करू नये असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पाडस अंगावर पीत असलेली मादी मारणे म्हणजे दोन जीव घेणे होय.

भारतापुरता प्रश्न कायद्याने मिटविला आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९५१ चा वन्यपशू व वन्यपक्षी संरक्षणाचा कायदा होता व शिकार परवान्याने चाले. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने त्या कायद्याची जागा घेतली. या कायद्यातील शिकारीची व्याख्या भुलावणीच्या दृष्टीने मुद्दाम वाचण्याजोगी आहे : ठार मारणे तर शिकार आहेच, परंतु पकडणे, फासा लावणे, सापळा मांडणे, हाकणे, आमिष घालणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हीदेखील शिकारच होय. काळवीट पहिल्या अनुसूचीत असून त्याच्या शिकारीस किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. दाजीपूरचे संस्थानी शिकारीचे रान १९५८ मध्येच अभयारण्य झाले. काळविटासाठी अहिल्यानगर जिल्ह्यात रेहेकुरी येथे १९८० मध्ये अभयारण्य स्थापन झाले. उचगावच्या बाजूस आता ऊस, महामार्ग व कारखाने यांची दाटी झाली असून काळविटाला धावण्याजोगा उघडा माळ तेथे उरलेला नाही. राधानगरीच्या रानात मात्र भेकराचे भुंकणे व सांबराची खणखणीत इशारत आजही ऐकू येते, आणि वाघ-बिबट्याची चाहूल घेण्यासाठी वनरक्षक व वाटाडे जे कान देऊन ऐकतात ते हेच आवाज होत. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून जनावरे छायाचित्रासाठी जवळ आणण्याची अलीकडची खोड माजाच्या व पाडसांच्या काळात जनावरांना नाहक दमविते. तिला अभयारण्यांत थारा देता कामा नये.