रात्र जागवणाऱ्या खानावळी

मुंबईचं लालबाग-परळ एकेकाळी रात्रीही जागं असायचं. गिरण्या तीन पाळ्यांत चालत. रात्रपाळी सुटली-भरली की चहाची दुकानं गजबजत. गावाकडून आलेल्या आपल्यासारख्याच बाया घरीच खानावळ चालवत, पाळीप्रमाणे जेवण रांधत. किराण्यासाठी सावकाराचं कर्ज. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं.

१८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. कित्येक गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. जेवणारे गावी परतले, चुली थंडावल्या. तिथली रात्र विझली. मंडळ मात्र टिकलं.

म्हणून आम्ही गटात सांगतो, गिऱ्हाईक एकच नको आणि एकीची साथ सोडायची नाही.