तगरचे कापड आणि यवनांची दाने

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ग्रीकांच्या वसाहती होत्या काय, या प्रश्नाचा शोध किनाऱ्यापाशी संपत नाही. समुद्रापासून तीनशेहून अधिक किलोमीटर आत, धाराशिव जिल्ह्यात तेरणाकाठी असलेल्या तेरपर्यंत तो आणावा लागतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ हे सागरप्रवासाचे टिपण लिहिले. त्यात भडोचच्या दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस सुमारे १० दिवसांवर ‘तगर’ हे मोठे नगर सांगितले आहे. तगरचे साधे कापड आणि मलमल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. हे तगर कोणते, यावर बराच वाद झाला. भगवानलाल इंद्रजींना ते जुन्नर वाटले, रा. गो. भांडारकरांना धारूर. १९०१ मध्ये फ्लीट यांनी तेरचे नाव पुढे केले आणि तेच मान्य झाले. शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, ते याच नगरावरून.

तेरच्या पांढरीने या मताला बळ दिले. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या संग्रहात रोमन नाण्यांच्या धर्तीची मातीची पदके आहेत, पांढऱ्या मातीच्या मूर्ती आहेत आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्तीही आहे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईत तिच्या जवळची मूर्ती सापडली आहे. पण या वस्तू व्यापाराची साक्ष देतात, वस्तीची नव्हे. माल आला म्हणजे माणूस राहिला, असे होत नाही.

मग राहिलेली माणसे कुठे भेटतात? लेण्यांत. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी खांब दिले. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी कोरवली. नाशिकला धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त आपण उत्तरेकडील दत्तामित्रीचे योनक असल्याचे सांगतो. म्हणजे यवन म्हटला की तो गलबतातूनच उतरला, असे धरता येत नाही. शिवाय धम्मदेव, इंद्राग्निदत्त ही नावे इथलीच. दाते बौद्ध संघाचे, लेखांची भाषा प्राकृत. ‘यवन’ ही ओळख मात्र त्यांनी टाकली नाही.

इजिप्तहून निघणारी गलबते पावसाळी वाऱ्यांवर येत आणि हिवाळ्यात परतत. ‘पेरिप्लस’च्या काळात तर कल्याणला चुकून शिरलेले ग्रीक गलबत पहाऱ्यात भडोचला नेले जाई. अशा किनाऱ्यावर ग्रीक नगर उभे होते, असे म्हणायला आधार नाही. आधार आहे तो दोन गोष्टींना : तेरच्या विणकरांचे कापड परदेशी व्यापाऱ्याच्या टिपणात पोचले आणि यवन म्हणवणारी माणसे घाटमाथ्यावर दानधर्म करीत इथल्या समाजात मिसळली. वसाहतीच्या कल्पनेने पहिल्यांचे श्रम झाकले जातात आणि दुसऱ्यांचे इथले होणेही.