वेल्सचे दगडी शेतघर

वेल्सच्या वायव्येला एरिरीचा डोंगराळ मुलूख आहे. इंग्रजीत त्यालाच स्नोडोनिया म्हणतात. सोळाव्या शतकात इथे दगडी शेतघराचा एक ठरीव साचा तयार झाला. त्याआधीचे खात्यापित्या शेतकऱ्याचे घर म्हणजे आढ्यापर्यंत मोकळे असे एकच मोठे दालन. मधोमध जमिनीवर आगटी पेटायची आणि धूर छपरातून वाट काढायचा. अशा घरावर माळा घालून उपयोग नव्हता, वर धूरच कोंडलेला असे. पुढे आगटी टोकाच्या भिंतीत सरकली, तिच्यावर दगडी धुराडे उभे राहिले आणि वरची जागा निजायला मोकळी झाली. वेल्श घराच्या इतिहासात याहून मोठा बदल दाखवता येत नाही.

वाउनवाउर गावातले १५४४ सालचे ‘अ गारेग वाउर’ हे या नव्या घराचे चांगले उदाहरण. त्याच्या दोन्ही टोकांना धुराडी आहेत. या जातीच्या घरांत समोरासमोरच्या दोन दारांमधून आडवा बोळ जातो. त्याच्या एका बाजूला मोठी चूल असलेले मुख्य दालन आणि दुसऱ्या बाजूला दूधदुभते व शिधा ठेवायच्या दोन लहान खोल्या. मधला पडदा लाकडी फळ्यांचा. माळ्यावर जाणारा अरुंद, वळणाचा जिना बहुधा चुलीच्या कडेला असतो.

भिंतींचे काम बारकाईने पाहण्याजोगे आहे. दगड शेतातलाच, हिमनद्यांनी आणून टाकलेला. सर्वांत अवजड गोटे पायाशी, कोपऱ्यांत लांब दगड आलटून पालटून. दोन्ही अंगांना दगडांचे थर रचायचे आणि मधल्या पोकळीत कपऱ्या व माती भरायची. अशी भिंत सहज दोन-तीन फूट जाड होते. खिडक्या लहान, ओकच्या उभ्या दांड्यांच्या. काच परवडेपर्यंत झडपांवरच भागवावे लागे. छप्पर मात्र ओकच्या लाकडावर उभे असते. त्यामुळे दगडी घराचे वय सांगते ते लाकूडच: तुळयांमधल्या वार्षिक वलयांवरून झाड कोणत्या साली तोडले ते कळते.

जमिनीच्या कायद्याचाही या घरांशी संबंध असावा. वेल्श रिवाजाप्रमाणे वडिलांची जमीन सर्व मुलांत वाटली जाई आणि पिढीगणिक तुकडे पडत. १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्सला इंग्लंडची कायदेपद्धत लागू झाली आणि ही वाटणी बंद पडली. जमीन एका हाती राहणार असेल तर नातवंडांना पुरेल असे घर बांधायला माणूस धजावतो.

मध्य वेल्समध्ये चित्र निराळे होते. क्लाइरवेन खोऱ्यातल्या ‘किलेवेंट’ या लांबघरात माणसे आणि गुरे एकाच छपराखाली नांदत आणि एकाच दाराने आत येत. पंधराव्या शतकातल्या या घराचा मूळ सांगाडा ओकचा. १७३४ च्या सुमारास त्याला दगडी भिंती आल्या. लांबघर उताराच्या दिशेने बांधत आणि गोठा खालच्या अंगाला ठेवत, म्हणजे मूत आणि पाणी घराबाहेर वाहून जाई. या मांडणीला मागासलेपण म्हणणे अन्यायाचे आहे. हिवाळ्यात गुरांची ऊब घराला मिळे आणि वैरण घालायला पावसात बाहेर पडावे लागत नसे.

या घरांचे अभ्यासक योरवर्थ पीट यांनी १९४० च्या ग्रंथात लांबघराला वेल्श घराच्या परंपरेत मध्यवर्ती जागा दिली. पुढे पीटर स्मिथ यांनी १९७५ मध्ये घरांचे प्रकार नकाशांवर मांडले, तेव्हा प्रदेशागणिक वेगवेगळ्या परंपरा स्पष्ट झाल्या. पीट यांच्याच पुढाकाराने कार्डिफजवळ सेंट फॅगन्स येथे १९४८ मध्ये लोकजीवनाचे संग्रहालय उघडले. किलेवेंट आणि अ गारेग वाउर ही दोन्ही घरे मूळ जागेवरून उतरवून तिथे पुन्हा उभारली आहेत.

उरलेल्या बहुतेक घरांत एकोणिसाव्या शतकापर्यंत बरेच फेरफार झाले. गुरे वेगळ्या गोठ्यात गेली, त्यांची जागा कोठाराला किंवा बैठकीच्या खोलीला मिळाली. छपरांवर खाणीतली एकसारखी स्लेट आली. रुंद चुलीचे तोंड बुजवून त्यात लोखंडी शेगडी बसवण्यात आली.