नॉनसच राजवाडा

इंग्लंडमधील सरे परगण्यात, यूएल गावाजवळ असलेला आणि आता पूर्णपणे नामशेष झालेला ट्यूडर काळातील राजवाडा. राजधानीच्या धकाधकीपासून दूर, शिकारीच्या रानात राहता यावे म्हणून आठव्या हेन्रीने एप्रिल १५३८ मध्ये त्याचे बांधकाम सुरू केले. नावाचा अर्थ ‘याला तोड नाही’ असा. ही जागा मोकळी नव्हती. कडिंग्टन हे नांदते गाव चर्चसह पाडून ती मोकळी करण्यात आली, आणि नुकत्याच बरखास्त केलेल्या मर्टन मठाचे घडीव दगड पायात घातले गेले.

हेन्री १५४७ मध्ये वारला तेव्हा काम अपुरेच होते. पुढे अरुंडेलच्या अर्लने ते पुरे केले. नंतर पुन्हा राजघराण्याकडे आलेला हा वाडा राजा दुसऱ्या चार्ल्सने आपली प्रेयसी बार्बरा व्हिलियर्स हिला दिला. तिने कर्ज फेडण्यासाठी १६८२ पासून तो पाडून दगड, विटा, लाकूड विकले. मग वाडा नेमका कुठे उभा होता, हेही लोकांच्या आठवणीतून पुसले गेले.

१९५९ मध्ये मार्टिन बिडल या केंब्रिजच्या विद्यार्थ्याच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. ते पाहायला हजारो लोक आले. जमिनीवर एक भिंतही नव्हती, तरी पायांवरून वाड्याच्या आतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही चौकांचा संपूर्ण आराखडा हाती आला. आतल्या चौकाच्या भिंती गिलाव्यातील उठावदार शिल्पांनी मढवलेल्या होत्या. त्या शिल्पांचे आणि त्यांभोवतीच्या कोरीव पाटीच्या दगडांचे असंख्य तुकडे निघाले. इंग्लंडमधील प्रबोधनकालीन कलेचा इतका मोलाचा पुरावा क्वचितच मिळतो. शौचकूपांच्या खड्ड्यांत शेवटच्या रहिवाशांची मातीची भांडी आणि काचसामान सापडले. एरवी कचराच तो, पण रोजचे जगणे त्यातूनच कळते.

सर्वांत बोलका शोध मात्र त्याच आतल्या चौकात लागला. हेन्रीने पाडलेल्या कडिंग्टनच्या चर्चचा पाया राजाच्या अंगणाखाली तसाच होता. मर्टनच्या मठातील कमानींचे नक्षीदार दगडही वाड्याच्या पायात भराव म्हणून टाकलेले आढळले. राजाने मिटवलेले गाव आणि मठ दोन्ही त्याच्याच वाड्याने जपून ठेवले, हे या उत्खननाचे खरे फलित मानावे लागेल.

१९६० मध्ये जवळच्या मेजवानीगृहाचेही उत्खनन झाले. त्याच्या चौथऱ्याची विटांची भिंत आजही पाहता येते. वाड्याचे पाये पुन्हा मातीने झाकले आहेत. नॉनसच पार्कमधील हिरवळीवर त्याची जागा दगडी खांबांनी दाखवली आहे.