अंगणवाडीच्या मुळाशी एक अळी

आमच्या वसई-विरारमध्ये तीन वर्षांच्या मुलाच्या दप्तरातही आज लेखनाच्या वह्या दिसतात. या घाईचा विचार करताना मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका जुन्या प्रयोगाकडे वळलो आणि त्याचा धागा मला थेट एका अळीपर्यंत घेऊन गेला.

ह्यूगो द व्रीस हे हॉलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ. मेंडेलचे विस्मृतीत गेलेले नियम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी ते एक. एका पतंगाची अळी जन्मताच उजेडाकडे ओढली जाते, म्हणून तिला फांदीच्या शेंड्यावरची कोवळी पाने सापडतात. जून पाने खाता येऊ लागली की ही ओढ ओसरते. या उदाहरणावरून मारिया माँटेसरी यांनी मुलांच्या मनाचे ‘संवेदनक्षम काळ’ मांडले.

हा विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी आपल्याकडे रुजवला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने आली. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. तिथे गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा भरली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले.

अळीचा दाखला म्हणजे उपमा. ती मुलाला तंतोतंत लावता येत नाही. पण तिच्यामागचे सूत्र टिकले आहे. जन्मतः माणसाचा मेंदू प्रौढ मेंदूच्या एक तृतीयांशाहूनही लहान असतो. उरलेली वाढ माणसांच्या सहवासात, आवाजांत, हाताळण्यात होते. उत्क्रांतीने आपल्याला तयार ज्ञान दिले नाही, लांबलचक बालपण दिले. बोलणे माणसाच्या जातीत फार जुने, म्हणून कानावर पडेल ती भाषा मूल आपसूक उचलते. लेखन जेमतेम पाच हजार वर्षांचे; ते शिकवावेच लागते, आणि त्यासाठी आधी बोट, डोळा व बोली तयार व्हावी लागते.

ताराबाईंनी गाणे, खेळ, माती आधी ठेवली, अक्षर नंतर. आमच्या इमारतींना आता अंगणे उरलेली नाहीत. मुलाच्या मनाला मात्र ती अजून लागतात.